खुनी घरातलाच हवा

भार्गवीबाईंना मी एकदाही पाहिलेलं नाही, पण त्यांचा आवाज मला झोपेतही ओळखू येईल. पुण्यातल्या एका प्रकाशनात त्या संपादक आहेत. फोनवर फार गोड बोलतात, आणि गोड बोलत बोलत माणसाचं वर्षभराचं काम केरात टाकतात. त्यांचा फोन आला की माझा नवरा मुकुल स्पीकर लावायचा आणि श्वास रोखून ऐकायचा. मी समोर शाळेचे पेपर तपासत बसलेली असायचे. त्यामुळं रहस्यकादंबरी कशी लिहावी हे माझंही फुकटात शिकून झालं.

प्रेत लवकर सापडू द्या, कारण उशिरा. प्रकरण अशा जागी तोडा की वाचणाऱ्याच्या घरी भाजी करपली पाहिजे. सगळ्या खुणा वाचकाच्या डोळ्यांपुढं ठेवा, पण त्याचं लक्ष दुसरीकडं असताना. बारीकसारीक गोष्टी खऱ्या घाला, म्हणजे मोठी थाप पचते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, "खुनी बाहेरून आणायचा नाही हो, मुकुल. वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. खुनी घरातलाच हवा. ज्याच्यावर वाचकाचा जीव जडलाय, तोच निघाला पाहिजे."

हे शेवटचं वाक्य माझ्या बापाला भोवलं. तेच सांगायला बसले आहे.

मुकुल सांगलीच्या गावभागातला. विमा कंपनीत नोकरी, आणि डोक्यात कायम खून. लग्न झालं तेव्हा त्याच्या गोष्टींतले इन्स्पेक्टर ओव्हरकोट घालायचे. सांगलीत ओव्हरकोट! मे महिन्यात इथं माणसाला अंगावर गंजीफ्रॉक सोसवत नाही. दोन कादंबऱ्या परत आल्या. तिसऱ्या वेळी भार्गवीबाई म्हणाल्या, "तुमच्या मातीतलं लिहा ना काहीतरी." आता मुकुलची माती म्हणजे गावभागातल्या फरशा. तिथं काय उगवणार? मग तो माझ्या मातीकडं बघायला लागला.

माझं माहेर माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. बाजरी, शेळ्या, मेंढरं, आणि पाऊस पडला तर पडला. आमच्याकडचे पुरुष मुंबईला हमालीला जातात, सणाला येतात. माझे चुलते ज्ञानूकाका असेच जात-येत होते. मी शाळेत होते तेव्हा ते यात्रेला आले, चार दिवस राहिले, आणि एके दिवशी पहाटेच्या एस्टीनं परत गेले. मुंबईला ते पोचलेच नाहीत. आप्पा, म्हणजे माझे वडील, पोलिसात गेले, मुंबईला दोनदा जाऊन आले, इस्पितळं पालथी घातली. काही कळलं नाही. काकी मात्र आजही कुंकू लावते, वटपौर्णिमेला उपास धरते, आणि दारात मोटारसायकल थांबली की मान वर करते. तिचं नाव चंद्राबाई. तिला मूलबाळ झालं नाही. मला वाढवलं ते अर्धं तिनंच.

त्या घराची एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं त्यावरच बिघडलं. आमच्याकडं धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी बोलायचं नसतं. त्याला भासरा म्हणतात. भासऱ्यासमोर पदर पुढं ओढायचा, त्याच्या वाटेत उभं राहायचं नाही, त्याच्याशी थेट एक शब्द बोलायचा नाही. त्यानंही भावजयीकडं मान वर करून बघायचं नाही, आणि घरात शिरताना खाकरायचं, म्हणजे तिला पदर सावरायला वेळ मिळतो. यात राग नसतो, मान असतो. आई होती तोवर निरोप तिच्या तोंडून जायचे. मी माहेरी असले की माझ्या. आई गेली. भाऊ फौजेत, वहिनी आणि पोरं त्याच्याबरोबर. घरात उरली ही दोघं, आणि दोघंच उरली म्हणून गावाच्या तोंडाला भिऊन आणखीच कडक पाळायला लागली. मग काकी शेळीशी बोलायला लागली. "शेळे, भाकरी झाली म्हनावं." आप्पा अंगणातून शेळीलाच उत्तर द्यायचे, "पानी आलं का इचार गं." शेळी बिचारी दोघांकडं बघत रवंथ करायची. मी हसायचे. मुकुलही हसायचा. हसता हसता त्याचं लक्ष भलतीकडं गेलं होतं, ते मला फार उशिरा कळलं.

काकीनं एकदा मला विचारलं होतं, "जावईबापू हापिसातनं आल्यावर काय लिवत्यात गं?"

मी म्हणाले, "रहस्यकथा. कुणाचा खून झाला, कोण नाहीसं झालं, त्याच्या गोष्टी. शेवटी सगळं उलगडून सांगायचं."

काकीनं भाकरी तव्यावर टाकली आणि ती परतायची विसरली. तेव्हापासून ती मुकुलच्या ताटात जरा जास्तच तूप वाढायला लागली. मुकुलनं ज्ञानूकाकांविषयी विचारलं तेव्हा मी त्याला बजावलं, की तिला आधी नीट सांग. त्यानं सांगितलंही. "काकी, मी गोष्ट लिहिणार आहे. कादंबरी."

"लिवा की," काकी म्हणाली. "लिवल्याबिगर घावायचं कसं?"

तिच्या हिशेबी माणूस आधी शोध करतो, मग लिहितो, मग ते छापतात. खोटं कुणी छापतं का? मुकुलनं माझ्याकडं पाहिलं, मी मुकुलकडं. तो हळूच म्हणाला, "असू दे, बोलू दे तिला, हलकी होईल." आणि मोबाइल रेकॉर्डिंगला लावून चुलीपुढं ठेवला.

काकी बोलली. एवढ्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते बोलली. काकांच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि दुरुस्त करून आणलेली चप्पल ते इथंच विसरून गेले. जाण्याआधी संध्याकाळी गोठ्यात दोघा भावांची खडाजंगी झाली होती. काका म्हणत होते, औंदा चंद्राला मुंबईला नेतो, खोली बघितलीय. आप्पा म्हणत होते, म्हातारी अंथरुणाला खिळलीय, तिला कोण बघणार? काकी भिंतीआडून ऐकत होती आणि तिच्या मनात मुंबईची खोली झाडून-सारवून तयार झाली होती. सकाळी ती उठली तर बाजूचं अंथरूण रिकामं.

"एस्टीला सोडायला कोण गेलं होतं?" मुकुलनं विचारलं.

"भासरं."

"तुम्ही बघितलं जाताना?"

"म्या कुटनं बघनार? डोळा लागला न्हवं माजा. जाऊबाईंनी सांगितलं."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"त्यांनीच की. भासऱ्यांनी."

मुकुल पुढं काही विचारेना. मी शेंगा फोडत होते. मला वाटलं, त्याला भरून आलं.

पुढं त्यानं गावात इकडंतिकडं विचारून आमच्या जुन्या विहिरीचीही माहिती काढली. ती त्याच उन्हाळ्यात बुजवलेली. आधीच कोरडी पडली होती, त्यात आमचं एक मेंढरू पडलं, काढायला सोय नव्हती, घाण सुटली, म्हणून आप्पांनी दगडमाती लोटून बुजवून टाकली. गावात अशा बुजवलेल्या विहिरी पुष्कळ आहेत.

पहिल्या खर्ड्यात खुनी होता मुंबईचा एक मुकादम. मी तो वाचला आणि रडले. शेवटी बायकोच्या हातात नवऱ्याची चप्पल येते, एवढंच होतं, पण मला ते फार आवडलं. भार्गवीबाईंना नाही आवडलं. "वातावरण अप्रतिम आहे," त्या म्हणाल्या. "पण हा मुकादम दोनशे पानांनंतर उगवतो. वाचक विचारेल, कोण हा बाबा? तुमच्याकडं त्या घरात एक एवढा सोन्यासारखा माणूस आहे, थोरला भाऊ. भावजयीला पोसतो, देवमाणूस. आणि ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. का बोलत नाहीत, मुकुल? ही शांतता नुसती बसवून ठेवलीय तुम्ही. तिला कामाला लावा."

त्या वेळी मी स्वयंपाकघरात होते. कुकरची शिट्टी झाली म्हणून पुढचं मला ऐकू आलं नाही.

दुसरा खर्डा त्यानं मला दाखवला नाही. म्हणाला, पुस्तकच हातात देईन. दिलं. पहिल्या पानावर छापलं होतं, 'रेश्मास, जिच्या मातीनं ही गोष्ट दिली.' मी मांडी घालून बसले आणि एका बैठकीत वाचलं. भाजी खरंच करपली.

थोरल्या भावाचं नाव त्यात तात्या होतं. तात्या डाव्या हातावर तंबाखू मळत होता. तात्या चहा बशीत ओतून आधी नातवंडांना पाजत होता. तात्या घरात शिरताना दोनदा खाकरत होता, आणि पुस्तकात लिहिलं होतं की मनात पाप असलेल्या माणसाचा घसा असा वरचेवर दाटून येतो. भावजय तात्याशी बोलत नव्हती, कारण तिच्या आतल्या मनाला ठाऊक होतं. तात्या तिच्याकडं मान वर करून बघत नव्हता, कारण त्याला तिच्या कपाळावरचं कुंकू सोसत नव्हतं. आणि मेंढरू विहिरीत पडलं नव्हतं. तात्यानंच ते ढकललं होतं, खालच्या प्रेताचा वास मेंढराच्या नावावर खपावा म्हणून.

लिहिलं होतं मात्र झकास. तेच तर दुखणं होतं. वाईट लिहिलं असतं तर कुणी वाचलं नसतं.

मी पुस्तक मुकुलच्या अंगावर फेकलं. "तू आप्पांना खुनी केलंस."

"मी तात्याला केलं. रेश्मा, माणूस वेगळा आणि पात्र वेगळं, हे तुला मी सांगायला हवं का?"

"तंबाखू कुणाची? खाकरणं कुणाचं? ती दोघं का बोलत नाहीत, हे तू मला एका शब्दानं विचारलंस?"

तो गडबडला. "म्हणजे? त्यांचं पटत नाही ना? जुना काहीतरी राग असेल, तू बोलत नाहीस त्यावर, म्हणून मीही कधी..."

मी त्याला भासरा म्हणजे काय ते सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर. त्याचा चेहरा पडला. त्याच्या घरी दीर-भावजया बुद्धिबळ खेळतात, त्याला कुठून कळणार? आणि आमच्याकडं ही गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही, श्वास कसा घ्यायचा हे सांगतात का कुणाला? तो म्हणाला, पुढच्या आवृत्तीत बदलतो. भार्गवीबाई म्हणाल्या, पुढची आवृत्ती निघाली आहे, जशीच्या तशी, अभिनंदन!

मला वाटलं होतं, गावात पुस्तक कोण वाचतंय. माझ्या गावात वाचनालयाला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडं आहे ते सरपंचालाही माहीत नाही. पण पुस्तकाचं बोलतं पुस्तक झालं. मोबाइलवर. कुणा चांगल्या नटानं वाचलं, मागं टिटवी ओरडते, रहाट कुरकुरतो. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या धोंडुबाईच्या नातसुनेनं ते लावलं आणि शेजारपाजारच्या बाया रोज दुपारी शेंगा फोडत ओट्यावर बसून ऐकायला लागल्या. काकीही.

धोंडुबाईचा मला फोन आला. "रेश्मे, तुज्या नवऱ्यानं लय भारी शोधलं गं! पोलिसास्नी जमलं न्हाई ते केलं. चंद्राबाई तर शेवटपतूर जाग्यावरनं हलली न्हाई बघ."

"आत्या, ते खोटं आहे. गोष्ट आहे ती."

"व्हय व्हय. नावं बदलल्यात न्हवं का. कळतंय आमास्नी," धोंडुबाई समजूतदारपणे म्हणाली.

आम्ही दुसऱ्याच दिवशी निघालो. तासगाव गेलं, विटा गेलं, मायणी गेलं. मुकुल गाडी चालवत होता. मला त्याचा राग येत होता आणि कीवही येत होती, आणि कीव आली की राग आणखी वाढत होता.

आप्पा अंगणात बाजेवर बसले होते. उठले, मुकुलला पाणी दिलं, बसायला घोंगडं टाकलं. मग म्हणाले, "जावईबापू, मला वाचाय येत न्हाई. पन ऐकलं. चांगलं लिवलंय म्हंत्यात समदी."

मुकुलनं मान खाली घातली. त्याच्या जागी मी असते तर मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं असतं.

घरात चूल पेटलेली होती. काकीच्या कपाळावर कुंकू होतं. तिनं आप्पांचं ताट वाढलं, उंबऱ्यापाशी ठेवलं आणि आत गेली. ती शेळीशी बोलली नाही. शेळीनं दोनदा दाराकडं मान वळवून पाहिलं. आप्पांना कळेना ताट आलंय की नाही, ते अंगणातच बसून राहिले, आणि भाकरी गार झाल्यावर मीच त्यांना हाक मारली. असं किती दिवस चाललंय, विचारलं तर म्हणाले, "चालायचंच."

मुकुल काकीसमोर जाऊन बसला. त्यानं हात जोडले. "काकी, माझं चुकलं. तो शेवट मी मनानं लिहिला. तसं काही झालेलं नाही. मला काही माहीत नाही."

काकीनं विचारलं, "चपलीचा अंगठा तुटल्याला तुमी मनानं लिवला का?"

"नाही. ते तुम्ही सांगितलं."

"गोठ्यातलं भांडान?"

"तेही तुम्हीच."

"हिर? मेंढरू? तंबाकू? म्या डोळा लागून निजले त्ये?"

मुकुलनं जोडलेले हात खाली घेतले.

"समदं खरं लिवलंसा, आन् येवढं येकच खोटं व्हय?" काकी म्हणाली. "आता हितं आल्यावर तुमास्नी सासऱ्याची दया आली. येनारच. पन मला फशिवू नका, जावईबापू. म्या लय दीस वाट बघितली."

बारीकसारीक गोष्टी खऱ्या घातल्या की मोठी थाप पचते, हे भार्गवीबाईंनी सांगितलंच होतं. फक्त ती पचल्यावर पुन्हा बाहेर कशी काढायची, ते काही त्यांनी शिकवलं नव्हतं.

काकीनं माझ्याकडं पाहिलं. "रेश्मे, तुज्या बाला इचार, हिर उकरायची का."

मी अंगणात आले. आप्पांनी ऐकलं होतं, मध्ये फक्त एक भिंत होती. पण मी सांगेपर्यंत ते थांबले. रीतच तशी.

"काकी विचारतेय, विहीर उकरायची का?"

"उकर म्हनावं," आप्पा म्हणाले. "कर न्हाई त्याला डर कशाचा?"

मी त्यांच्या बाजेवर बसले आणि हळूच म्हणाले, "आप्पा, नका. हे हात दाखवून अवलक्षण होईल. उकरली म्हणजे आपणच संशय मान्य केल्यासारखं. चार महिन्यांत लोक विसरतील."

"लोकं इसरतील. ती इसरंल का?" आप्पांनी तंबाखूची डबी उघडली, बघितली आणि तशीच मिटली. पुस्तक आल्यापासून त्यांनी चारचौघांत तंबाखू मळणं सोडलं होतं. "तुजी आय मेली तवा मी हंबरडा फोडून रडलो, लोकं भेटाय आली, तेराव्याला पुरनपोळी झाली, संपलं. हिला रडाया बी मिळालं न्हाई गं. घरात येऊन तिनं आजवर काय मागितलं न्हाई. आज हिर उकरा म्हंत्या, उकरू. तिच्या जिवाला थंड वाटंल. माज्या बी."

मला त्या वेळी माझ्या बापाचा फार अभिमान वाटला. तेही इथं लिहून ठेवते, कारण त्यानंतर जे झालं ते झालं.

जेसीबी भाऊसोचा. भाऊसो आप्पांच्या भावकीतला, त्यांना मानणारा. तो मशीन घेऊन आला तेव्हा अर्धं गाव शेताच्या बांधावर आधीच जमलं होतं. बाया एका बाजूला, डोक्यावर पदर. पुरुष दुसऱ्या बाजूला. ऊन चांगलंच चढलं होतं. काकी बायांच्या पुढं उभी होती, पदर नाकापर्यंत ओढून. आप्पा पलीकडं, पटका नीट बांधून, एखाद्या लग्नाला आल्यासारखे. मी दोघांच्या मध्ये, कारण निरोप लागला तर कुणीतरी हवं.

माती निघत गेली, दगड निघत गेले. वर झुडपं होती ती मुळासकट आली. बराच वेळ काही नाही. मग भाऊसोनं हात वर करून मशीन थांबवलं आणि आत उतरला. "हाडं हायेत," तो खालून ओरडला.

काकीचा हात माझ्या दंडावर आला. तिची नखं मला रुतली.

भाऊसोनं पाटीत घालून हाडं वर दिली. लांबट कवटी, वळलेली शिंगं, गळ्यातला पट्टा आणि त्याला गंजलेलं घुंगरू. मेंढरू. आमचंच. आप्पांच्या चेहऱ्यावर मी एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसू पाहिलं. ते माणसांकडं वळून म्हणाले, "बगा. म्हनलं न्हवतं का? मेंढरू पडलं हुतं."

माणसं अजून खड्ड्याकडंच बघत होती. आप्पांना कळेना. त्यांना कुणी शेवटचं प्रकरण सविस्तर सांगितलंच नव्हतं. पुस्तकातही आधी मेंढरूच निघतं. सगळे हुश्श करतात, आणि मग खुनाचा शोध लावणारं त्यातलं शिकलेलं पोरगं म्हणतं, अजून खाली उकरा. बांधावरच्या प्रत्येकानं ते ऐकलं होतं. मुकुल माझ्या मागं मातीतच खाली बसला.

"आजून खाली घे," कुणीतरी म्हणालं.

भाऊसोनं आणखी खाली घेतलं. जुन्या पायऱ्या दिसल्या. मग मशीनचं फावडं खडकावर कर्रकन घासलं. भाऊसो पुन्हा उतरला, सगळीकडं फिरला, हातानं चाचपून वर आला. "काय न्हाई. कातळ लागला. काय बी न्हाई."

मी सुटल्यासारखा श्वास सोडला. झालं, आता संपलं, असं मला खरंच वाटलं. आप्पांनी पटका काढून घाम पुसला. आणि माझ्या मागं धोंडुबाईचा आवाज आला, वाईट बुद्धीनं नव्हे, एखादं कोडं सुटल्यासारखा. "मंग काढून न्हेलं आसंल की. पुस्तक आल्यावर सावध झाला आसंल."

"व्हय," दुसरी म्हणाली. "न्हाईतर इतक्या बिनघोर हिर उकराय कोन दील?"

ते वाक्य बायांतून पुरुषांत गेलं. मी ते जाताना पाहिलं. माणसं एकमेकांकडं बघून माना हलवत होती. विहीर आप्पांना सोडवायला उकरली होती, आणि ती रिकामी निघाली हेच त्यांच्या अंगाशी आलं. काही सापडलं असतं तर गुन्हा, नाही सापडलं तर आणखी मोठा गुन्हा. माझ्या गावातली साधी, नाकासमोर चालणारी माणसं ऐकून ऐकून रहस्यकादंबरीचे वाचक झाली होती, आणि आता कुणावर साधा विश्वास ठेवणं त्यांना बावळटपणाचं वाटत होतं.

काकीनं माझा दंड सोडला. ती पुढं निघाली. मला वाटलं, खड्ड्यात बघायला चालली. पण ती खड्ड्याच्या कडेकडेनं वळसा घालून पुरुषांच्या बाजूला गेली आणि आप्पांच्या समोर जाऊन उभी राहिली. बाया हळूच कुजबुजल्या. काकीनं कपाळावरचा पदर मागं सारला. उभ्या जन्मात आप्पांनी तिचं तोंड असं पाहिलं नसेल. ते दोन पावलं मागं सरले.

काकीला त्यांना हाक मारायला नावच नव्हतं, कधी मारलीच नव्हती. "आवं," ती म्हणाली. "कुटं ठेवलंसा त्यास्नी? सांगा. म्या कुनाला सांगनार न्हाई. पोलिसात जानार न्हाई. तुमीच भाकर खावा, तुमीच घरात ऱ्हावा. निस्ती जागा सांगा. येकदा रडून घेते."

ती भांडत नव्हती. ती मागत होती. आणि मी काकीच्या तोंडाकडं पाहिलं आणि मला कळलं, तिला आप्पा खुनी हवे आहेत. कारण आप्पा खुनी नसले तर काकांचं काय झालं हे तिला या जन्मी कळणार नाही, आणि मग पुन्हा ते दार, पुन्हा त्या मोटारसायकली.

आप्पांचे ओठ हलत होते. त्यांनी तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला, मी शपथेवर सांगते, केला. पण उभ्या जन्माची सवय, भर गावासमोर मोडेना. ते माझ्याकडं वळले. डोळ्यांत पाणी होतं.

"रेश्मा," ते म्हणाले, "तिला सांग. म्या त्याला एस्टीत बसवून दिला. खिडकीतनं हात केला त्यानं मला. सांग तिला, तुजा बाप खोटं बोलत न्हाई."

सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. काकीही. लहानपणापासून मी या दोघांचे निरोप पोचवत आले होते. भाकरी झाली. पाणी आलं. पेंड संपली. उद्या बाजार आहे. मला कधी विचार करावा लागला नव्हता. मी तोंड उघडलं, आणि माझ्या मनात आलं, पहाटे एवढ्या अंधारात खिडकीतला हात कसा दिसला? दिवा होता का गाडीत? मग इतक्या वर्षांत हे हात केल्याचं ते आधी कधी कसं बोलले नाहीत?

हा विचार माझा नव्हता. तो मुकुलच्या कादंबरीतल्या शिकलेल्या पोराचा होता, भार्गवीबाईंचा होता, बांधावरच्या माणसांचा होता. पण आला माझ्याच डोक्यात. मी त्याला झटकलं, तो गेला नाही. त्या पहाटे मीही झोपलेलेच होते.

आप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यांनी पटका खांद्यावर टाकला, आणि तो निरोप पुन्हा सांगितला नाही.